नेलीचे सात टाके

ग्रेहाउंड रेसिंग हे शब्द आयर्लंडमधल्या आमच्या टिपररीत फक्त छापील कागदावर दिसतात. बोलताना कुणी ते वापरत नाही. ‘फिनबार कुठंय?’ असं कुणी विचारलं, की मी सांगते, ‘कुत्र्यांना गेलाय.’ त्यात सगळं आलं. कुत्री फिरवणं आलं, शर्यत आली, पैज आली, गिनेस बिअर आली आणि घरी येऊन माझ्यावर डाफरणंही आलं.

फिनबार माझा धाकटा भाऊ. लग्न त्यानंही केलं नाही, मीही नाही. त्याची नऊ कुत्री, आणि त्या नवांच्या मागे राबणारी मी. मेंढीच्या मुंड्या उकडा, त्यात शिळा पाव कुस्करा, रोज सहा मैल चालवा, नखं कापा. शर्यत जिंकली की फोटोत मात्र फिनबार आणि कुत्रं. मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी गेले नसते, चिखलाचे बूट घालून कोण मिरवणार!

पट्ट्यापट्ट्यांची नेली सात पिल्लांतली सगळ्यात लहान. मी तिला स्वयंपाकघरात चुलीपाशी बाटलीनं दूध पाजून जगवलं. पिल्लांच्या कानांत हिरव्या शाईनं अक्षरं गोंदायला माणूस आला, तेव्हा तिला मीच धरलं होतं. प्रत्येक कुत्र्याची अक्षरं वेगळी, त्यावरून मालक सापडतो. तिनं माझं मनगट करकचून चावलं आणि मग तेच चाटत बसली. झालं, मी गुंतले.

आमच्यात एक नियम आहे. पिल्लं सुसाट धावू लागली, की दोघांना एकत्र मोकळं सोडायचं नाही. धावताना खेळायची चटक लागली, तर ते कुत्रं मैदानात पुढे पळणारा यंत्राचा ससा सोडून देतं आणि शेजारच्याकडे तोंड वळवतं. पंच त्याच्या कार्डावर ‘भांडखोर’ लिहितात. दोनदा लिहिलं की ते कुत्रं देशात कुठंच पळू शकत नाही. आणि न पळणाऱ्या कुत्र्याला आमच्याकडे कोण जेवू घालतो?

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी फिनबार पबमध्ये गेला, की मी नेली आणि तिचा काळा भाऊ जॅको यांना मागच्या कुरणात सोडायची. खांद्याला खांदा लावून दोघं पळायची, मधेच एकमेकांची मान धरायची, पुन्हा पळायची. मी कुंपणाशी उभी राहून एकटीच हसायची. दिवसभर मरमर मरून तेवढी एकच गंमत माझी होती, का सोडू?

एका संध्याकाळी नेलीच्या बरगडीवरची कातडी काटेरी तारेनं फाटली. मी काळ्या दोऱ्यानं सात टाके घातले आणि फिनबारला सांगितलं, फाटकाचा पत्रा लागला. पुढे जॅको इंग्लंडला विकला गेला.

नेलीची पहिली मोठी शर्यत जूनमध्ये झाली. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड होता. ती नारिंगी अंगरख्यात, पाच नंबरच्या पिंजऱ्यात. सुटली ती अशी, की फिनबारनं माझा दंडच पकडला. शेवटच्या वळणावर एक काळा कुत्रा तिच्या बरोबरीनं आला. आणि नेलीनं मान वळवली. रागानं नाही हो, खेळायला! मला ते वळणं पाठ होतं. तिला वाटलं जॅको आला.

पंचांनी लिहिलं. एकदा.

परतताना गाडीत फिनबारनं विचारलं, ‘कॉनी, खरं सांग. हिला कुणी जोडीनं पळवलंय का?’

‘मला काय विचारतोस? तुझी कुत्री, तुला माहीत.’

‘तसं असेल तर वर्षभर थांबतो. मुसकं बांधून, म्हाताऱ्या शहाण्या कुत्र्याबरोबर पळवून ती सवय मोडता येते. पण पाय दुखत असेल म्हणून वळली असेल, तर मालिश करून दोन आठवड्यांत पंचांसमोर चाचणीला उतरवतो. मला फक्त काय झालंय ते कळू दे.’

आता सांगायचं होतं. पण बारा वर्षं तो सगळ्यांना सांगत आलाय, कुत्र्यांच्या बाबतीत माझ्या बहिणीइतकं कडक कुणी नाही. तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलेलं.

‘उजवा पाय जड टाकते ती,’ मी म्हणाले. ‘मी सकाळीच पाहिलं.’

दोन आठवडे त्यानं तो धडधाकट पाय चोळला. मालिशच्या तेलाच्या वासानं घर भरून गेलं. नेली मजेत लोळायची, आणि मी रोज ठरवायची, उद्या सांगते.

चाचणीला तीन कुत्री होती. मी कठड्याला धरून मारियामातेला विनवत होते, आई, तिला फक्त सशाकडे बघू दे. अर्ध्या मैदानापर्यंत तिनं बघितलंही. मग शेजारचा जवळ आला. तिचे कान उभे राहिले, शेपटी हलली, आणि तिनं त्याची मान धरली.

पंचांनी दुसऱ्यांदा लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, नेलीची जागा रिकामी.

‘डब्लिनच्या एका कुटुंबाला दिली,’ तो म्हणाला. ‘घरात पाळणार आहेत.’

‘छान झालं,’ मी म्हणाले. तिचा पट्टा खिळ्याला टांगलेला होता. डब्लिनला काय पट्टे मिळत नाहीत? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मलाही काहीतरी सांगावं लागलं असतं.

ऑगस्ट कोरडा गेला. गावाबाहेरच्या जुन्या खाणीतलं पाणी आटलं, आणि पोलीस सार्जंट क्यूसॅक टोपी काखेत मारून आमच्या दारात आला. दर शनिवारी फिनबारच्या शेजारी उभा राहून पैज लावणारा माणूस हा. चहा नको म्हणाला.

‘खाणीत एक कुत्री सापडलीय, कॉनी. पट्ट्यापट्ट्यांची. दोन्ही कान कापलेत, मालक कळू नये म्हणून.’

फिनबार बूट पुसत होता. पुसतच राहिला.

‘बरगडीवर जुना व्रण आहे,’ सार्जंट म्हणाला. ‘सात टाके. शिवण डॉक्टरच्या हातची नाही, घरगुती आहे. पण नीट आहे हो, बाईच्या हातची. तुम्हाला काही सांगता येईल?’

त्या मेल्या हातांनीच मी तिला धरलं होतं, पाजलं होतं, शिवलं होतं. टेबलाखाली मी ते घट्ट मिटले.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘आमच्याकडे असली कुत्री नव्हतीच. दुसरीकडे विचारा.’

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं, टोपी घातली आणि गेला.

फिनबारनं बूट खाली ठेवले. ‘उपकार झाले तुझे,’ तो हळूच म्हणाला. ‘पण कमाल आहे हं, कॉनी. तुला खोटं बोलता येतं, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.’

‘ठाऊक असतं, तर नेली जिवंत असती.’

‘म्हणजे?’

मग मी त्याला जॅकोचं सांगितलं. कुरणातल्या संध्याकाळी, तार, पाय, सगळं. त्याच्या पुढ्यातला चहा गार झाला. तो उठला, दाराशी गेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तिचा पाय चोळायचो, तेव्हा ती माझं मनगट चाटायची.’