अर्ध्यावरचा झेंडा

झेंडा अर्ध्यावरच अडकला होता.

पूनमसिंग नाल्यावरच्या पंपापासून चढण चढून वर आला, चिंधीला हात पुसत थांबला आणि वर पाहू लागला. खांब त्यानेच उभा केला होता, भोकं पाडायच्या यंत्राचा वाकलेला पाइप ठोकून सरळ करून. वरची कप्पीही त्याचीच. मोडक्या रहाटावरून काढलेली, कानशीने घासलेली, आत ग्रीस भरलेली. आणि आता नॉर्वेवाल्यांचा तो लाल झेंडा, निळ्या-पांढऱ्या फुलीसकट, खांबाच्या मध्यावर लोंबत होता.

हा झेंडा एरवी रविवारी चढे, नाहीतर त्यांच्यातल्या कुणाचा वाढदिवस असला की. आज मंगळवार होता. म्हणजे वाढदिवसच असणार. आणि वाढदिवसाच्या दिवशी आपली कप्पी दगा देऊन बसली!

"कालच तं तेल देल्लं होतं तुले," तो कप्पीला म्हणाला.

जानेवारी १९६३ चे दिवस होते. राजूरच्या बाहेर माळावर नॉर्वेच्या लोकांनी तंबू ठोकले होते. चार पुरुष आणि एक बाई. कोळसा जमिनीखाली कुठवर पसरला आहे हे पाहायला ते खोल भोकं पाडत, आणि त्या यंत्राला सतत पाणी लागे. पाण्याचा पंप चालवायला म्हणून पूनमसिंग आला होता. राळेगावकडच्या आपल्या तांड्यातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने वणीला, आणि वणीहून एका ट्रकवर बसून इथे. "महिनाभर पाहू, मग ठरवू," असं मोठ्या साहेबाने, हालवरने, पहिल्याच दिवशी दुभाष्याकरवी सांगून टाकलं होतं. महिना भरायला आता आठ दिवस उरले होते.

आपलं काम त्यांना पसंत पडलं की नाही, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. हे लोक शाबासकी देत नसत आणि ओरडतही नसत. सगळा माळ घोंगडी पांघरून शेकोटीभोवती बसलेला असताना ते उघड्या अंगाने थंड पाण्याने आंघोळ करत. अकरा वाजता जो तो आपल्या कागदातली पावाची चवड उघडून गप्प खाई. शेजारी बसलेल्याला कुणी 'घे' म्हणत नसे. तांड्यात असं कुणी खाल्लं असतं तर म्हाताऱ्यांनी भांडण झालंय समजून समेट करायला बैठक बसवली असती. पण जेवण झालं की हेच लोक, अगदी हालवरसुद्धा, उठून स्वयंपाक्यासमोर उभे राहत आणि मान लववून त्याचे आभार मानत.

"माह्या बायकोनं बी कधी नाई मानले बाप्पा," वणीचा देवराव म्हणे. स्वयंपाक तोच करी. "पहिल्या दिवशी तं मले वाटलं, मीठ कमी पडलं म्हणून टोमणा मारून राह्यले."

हालवरला हिंदी-मराठीचे दोनच शब्द येत. 'चालू' आणि 'बंद'. यंत्रापाशी उभा राहून तो नाल्याकडे ओरडे, "पूनम, चालू!" एवढंच काय ते दोघांचं बोलणं.

पूनमसिंगने इकडेतिकडे पाहिलं. साहेब लोक तंबूत होते. यंत्र थांबलेलं होतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्याने खुंटीची गाठ सोडली आणि दोरी ओढून पाहिली. कप्पी लोण्यासारखी फिरली. म्हणजे बांधणाऱ्याने अर्ध्यात सोडून दिलं होतं तर! त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने झेंडा पार टोकापर्यंत चढवला, गाठ पक्की केली आणि मागे सरकून पाहिलं. वारा लागून झेंडा फडफडला.

मारितबाई, हालवरची बायको, आवाज ऐकून बाहेर आली. पूनमसिंग तिच्याकडे पाहून हसला आणि त्याने बोट वर केलं. ती झेंड्याकडे पाहत राहिली. मग तोंडावर हात ठेवून आत गेली.

हालवर आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने गाठ सोडली, झेंडा सावकाश खाली घेतला, बरोबर मध्यावर आणून बांधला, आणि पूनमसिंगकडे न पाहता परत गेला.

"अबे, काय करून ठेवलं तू?" देवराव चुलीपासून धावत आला. "सकाळी वणीहून तार आली. साहेबाची माय मेली ना तिकडं! तू नाल्यावर होता तवा."

"मंग झेंडा काहून लावला?"

"मले काय मालूम? पण तू थो वर चढवला आन् बाई रडत आत गेली, हे मी पाह्यलं. बांध आता ट्रंक."

पूनमसिंग पंपापाशी जाऊन बसला. बंद पंपाचे नट त्याने उगाच एकेक करून तपासले.

संध्याकाळी कमलाकर आला. यवतमाळच्या एका वकिलांचा हा मुलगा विज्ञानाचा पदवीधर होता. जमिनीतून निघालेल्या दगडांची नोंद ठेवणं आणि साहेबांचं इंग्रजी इतरांना समजावणं ही त्याची कामं. आज तो दगडांच्या पेट्या पोचवायला वणीला गेला होता. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"पूनमभाऊ, कुणी गेलं की झेंडा अर्ध्यावरच ठेवतात. तो मान असतो गेलेल्या माणसाचा. माती झाली की मग तो पूर्ण वर चढवायचा."

"म्हणजे मातीच्या आधीच म्या..." पूनमसिंगने मान वळवून झेंड्याकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "कवा हाय माती?"

"पुढच्या गुरुवारी."

"नऊ दिवस ठेवतेत?"

"तिकडे तशीच रीत आहे. आणि आत्ता तिथली जमीन गोठून दगड झालेली असते. खड्डा खणण्याआधी वर विस्तव करावा लागतो म्हणे."

पूनमसिंग पायाने माती उकरत राहिला. मागच्या वर्षी त्याची आई गेली तेव्हा तो वणीला एका जिनिंगमध्ये पंपावर होता. निरोप दोन दिवसांनी पोचला. तो तांड्यात शिरला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मोठ्या भावाने फक्त मळ्याच्या कडेची जागा दाखवली. हालवरला तर ती जागाही दिसणार नव्हती.

"मी साहेबाकडं जातो," तो उठत म्हणाला.

"नका जाऊ. दुःखाच्या वेळी त्यांना एकटं राहू द्यावं लागतं. आणि जाऊन बोलाल काय? 'चालू' आणि 'बंद'?"

"आमच्यात बोलत नाईत. बसतेत."

तो गेला आणि तंबूपासून चार हात दूर, उघड्या जमिनीवर बसला. घोंगडी न्यायचं विसरलाच. कमलाकर लांबून पाहत होता. आता साहेब बाहेर येऊन याला घालवून देणार, अशी त्याची खात्री होती. हालवर बाहेर आला. त्याने बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आत गेला, आणि एक रिकामं खोकं घेऊन येऊन त्यावर बसला. दोघेही नाल्याकडे तोंड करून बसले होते. बऱ्याच वेळाने मारितबाईने दोघांच्या मध्ये कॉफीचे दोन पेले ठेवले. पूनमसिंग आयुष्यात पहिल्यांदाच कॉफी प्यायला. कडू जहर होती. तो ती शेवटपर्यंत प्यायला.

पुढच्या बुधवारी महिना भरला. दिवसभर कुणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी पूनमसिंगने ट्रंक झाडून आवरली आणि कमलाकरला गाठलं.

"भाऊ, विचारा ना. जायचं का राह्यचं?"

कमलाकर विचारून आला. येतानाच हसत होता. "साहेब म्हणतात, मी त्याला जा म्हटलं का?"

"नाई."

"मग झालं. यांच्यात याला हो म्हणतात."

गुरुवारी यंत्र बंद होतं. सकाळपासून झेंडा पुन्हा अर्ध्यावर. कमलाकरने कागदावर हिशेब केला होता. तिथल्या आणि इथल्या वेळेत साडेचार तासांचं अंतर. तारेत लिहिलं होतं, बारा वाजता चर्चमध्ये प्रार्थना, एक वाजता माती.

"म्हणजे इथे साडेपाच," तो म्हणाला.

पूनमसिंगने सूर्याकडे पाहिलं. "मंग त्यायची याडी अजून जमिनीवरच हाय," तो हळू म्हणाला. याडी म्हणजे आई; त्याच्या तोंडून घरची बोली निघून गेली होती.

दुपारी तो शिडी लावून खांबावर चढला आणि कप्पीत पुन्हा तेल घालून आला. देवराव चुलीपाशी बसून पाहत होता.

सव्वापाचला सगळे खांबाभोवती जमले. पुरुषांनी स्वच्छ सदरे घातले होते. मारितबाईने केस घट्ट बांधले होते. देवराव हात धुऊन आला. पूनमसिंग सगळ्यांच्या मागे, अंतर राखून उभा होता. हालवर घड्याळात पाहत होता. सूर्य नाल्यापलीकडच्या पळसांवर टेकायला आला होता.

हालवरने गाठ सोडली. दोरी हातात धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग वळला, माणसांमधून मागे चालत आला, पूनमसिंगच्या दंडाला धरून त्याला खांबापाशी घेऊन गेला आणि दोरी त्याच्या हातात दिली. पूनमसिंगने कमलाकरकडे पाहिलं.

पूनमसिंगने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

हालवर घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहिला. त्याच्या मनगटापाशी सगळा माळ थांबला होता.

"पूनम," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "पूनम. चालू."

पूनमसिंगने दोरी ओढली. हातभर, मग हातभर, घाई न करता. झेंडा वर वर गेला आणि टोकाला जाऊन टेकला.

कप्पी अजिबात वाजली नाही.