मोहाच्या फांदीवरचा रूळ

मित्रांनो, स्वतःला घंटा म्हणवून घ्यायला मला संकोच वाटतो. मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. वडशाकडच्या लोहमार्गावर होतो. तडा गेला म्हणून कापून बाजूला टाकला गेलो. देवराव गुरुजींनी मला बैलगाडीतून एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका नव्या शाळेत आणले आणि मोहाच्या फांदीला तारेने टांगले. आगगाडी कधी न पाहिलेली मुले माझा टोल ऐकून धावत येत. तेच माझे सुखाचे दिवस.

१९८४ च्या पावसाळ्यात गुरुजी हिवतापाने गेले. दुसरीचे पुस्तक अर्ध्यावर राहिले. त्यानंतर वारा नसतानाही मी गुणगुणू लागलो. का, ते मलाच नीट सांगता येत नाही. लोक म्हणाले, "गुरुजी वाजवून राह्यले." मुले शाळेकडे फिरकेनात.

हिवाळ्यात वरोऱ्याहून वच्छलाबाई शिकवायला आल्या. रिकाम्या वर्गात बसून त्या दिवस ढकलत. बदली कधी होईल, एवढाच विचार. एका दुपारी मी गुणगुणलो आणि त्या दचकून उभ्या राहिल्या.

कुंपणाबाहेरून बिरजू नावाचा मुलगा ओरडला, "बाई भेल्या! बाईच भेल्या!"

"तू नाई भेत, तं आत ये ना," बाई म्हणाल्या.

बिरजू पळाला. त्याच्यासोबतची सोमारी मात्र थांबली. "बाई, गुरुजी काऊन येतात?"

"मले काय माहीत? तूच सांग."

"पुस्तक अर्धं राह्यलं ना त्याइचं. तुमी तं शिकवतच नाई. मंग त्याइले यावं लागते."

बाई माझ्यापाशी आल्या. मग त्यांनी लोखंडी सळई सोमारीच्या हातात दिली. "वाजव. साऱ्याइले सांग, गुरुजींचं पुस्तक आपण पुरं करू."

मुले भीत भीत आली. हळूहळू वर्ग भरला. बाई आता टोलाच्या आधीच दारात उभ्या असत. मोह फुलू लागला तेव्हा शेवटचा धडा उरला, आणि त्या दिवशी कोणी पुस्तकच उघडेना.

"आज नाई बाई," सोमारी म्हणाली. "हे सरलं तं गुरुजी जातीन."

"मंग शिकाचं कोनासाठी?" बिरजूने विचारले. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

बाई मुलांमध्ये येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तिसरीचं पुस्तक गुरुजींनी इथी कधी शिकवलं काय?"

"नाई."

"मंग ते कायले जातीन? त्याइलेही ऐकाचं असन. बसतीन तुमच्यातच."

शेवटचा धडा झाला. सुट्टी लागली. बाई गावी गेल्या, आणि मला वाटले, आता त्या येत नाहीत. जूनमध्ये त्या परत आल्या. तिसरीचे पुस्तक उघडले त्या सकाळी मुलांनी पहिल्या रांगेत एक जागा रिकामी सोडली. बाईंनी तिथे एक पाटी ठेवली.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. सकाळी कोणीतरी काही शिकायचे मनात धरून यावे आणि मला एक टोल द्यावा. खूप दिवस कोणी आले नाही, की मी आपोआप वाजू लागतो. तेव्हा मलाही भीती वाटते.