मी, उजव्या हाताची कात्री

मी एक जुनी कात्री आहे. कापडाची हं! मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण एकदा कुणीतरी माझ्याने पुठ्ठा कापला होता आणि मी आठवडाभर फुरंगटून बसले होते.

एका म्हाताऱ्या लोहाराने मला घडवलं. तिथून मी ताईंकडे आले. ताईंचं शिवणाचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. ताई खडूने रेघ मारायच्या आणि मी त्या रेघेवरून सरसर निघायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, ताईंच्या हातात जादू आहे. माझं नाव कुणी घेत नसे. असो.

एका दुपारी वरच्या मजल्यावर राहणारी तरुण बाई धावत दुकानात शिरली. तिला आम्ही नुसतं 'वरची' म्हणतो. तिच्या मागोमाग तिचा नवरा चाकू घेऊन आला. ताई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात आडवा केला. वार त्या हातावर बसला. मी तिथेच टेबलावर होते आणि मला काहीच करता आलं नाही. शेजाऱ्यांनी त्याला पकडून पोलिसांच्या ताब्यात दिलं. वरची वाचली. पण डॉक्टर म्हणाले, ताईंची जखम भरेल, अंगठा मात्र पूर्वीसारखा वळणार नाही.

तीन महिन्यांनी ताईंनी मला डाव्या हातात धरलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण कापड कापलंच जाईना. ते माझ्या दोन पात्यांमध्ये दुमडून अडकायचं. ताईंचे मिस्टर म्हणाले, धार गेली असेल. माणूस सोन्यासारखा, पण स्वस्थ बसणं त्यांना माहीत नाही. त्यांनी मला धारवाल्याकडे नेलं. एकदा नाही, तीनदा! घासून घासून माझी पाती निम्मी झाली आणि कापड तरीही चावल्यासारखंच निघे. तिसऱ्या वेळी ताईंनी मला खाली ठेवलं.

"संपलं माझं काम," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मला फार फार वाईट वाटलं.

वरची तेव्हा रोज दुकानात येऊन काज-बटणं करून द्यायची. आल्या आल्या आणि जाता जाता ताईंची माफी मागायची. माझ्यामुळे झालं, एवढंच तिचं पालुपद. त्या दिवशी तिने मला उचललं. आधी डाव्या हाताने एक चिंधी कापून पाहिली, मग उजव्या हाताने, आणि उजव्या हातात मी सरसर चालले. आणि चक्क हसली.

"ताई, तुमच्या डाव्या हाताचा दोष नाही. ही कात्रीच उजव्या हाताची आहे. मी डावखुरी, लहानपणापासून हेच भोगतेय."

डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. वरचीनेच ती शोधून आणली. पहिल्या दिवशी ताईंची रेघ वाकडी गेली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी वाकडी. महिन्याभराने त्यांनी एक अख्खा शर्ट कापला. जिन्यावर पावलं वाजली की त्या अजून दचकतात, हात थांबतो, मग पुन्हा कापायला लागतात.

मिस्टर मला भंगारात द्यायला निघाले. ताईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पुसून खणात ठेवलं.

"राहू दे हिला. हिची काही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. मग वरचीकडे वळल्या. "आणि तुझीही नव्हती. उद्यापासून माफी मागायची नाही."

वरचीने सुई-दोरा खाली ठेवला आणि ती मनसोक्त रडली. दुसऱ्या दिवशी ती आली, चहा झाला का म्हणून विचारलं आणि कामाला बसली.

मित्रांनो, दुसऱ्याने केलेल्या वाईटाची माफी मागत बसलेलं कुणी तुम्हाला भेटलं, तर तुझी चूक नव्हती हे त्याला तोंडाने सांगा. त्याला ते ठाऊक असेल असं धरून चालू नका. आम्ही सगळे चार-पाच महिने एकाच खोलीत होतो, पण तिला ते कुणीच सांगितलं नव्हतं.