देवाच्या गडूतला जीव

आमच्याकडे नळ येऊन बरीच वर्षं झाली, तरी देवाचं पाणी मी विहिरीचंच भरते. सासूबाईंनी घालून दिलेला नेम आहे. आंघोळ झाली की ओलेत्याने विहिरीवर जायचं, पहिली बादली देवाची. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात जे अडकलं असेल, पान असो की किडा, ते फडकं उलटं धरून परत विहिरीत सोडायचं. ज्याचं घर त्याला परत. त्यातून चातुर्मास लागला की आणखी एक नेम असतो, आपल्या हातून जीव जाऊ द्यायचा नाही. चार महिने मी मुंग्यांनासुद्धा वाट सोडून चालते.

गेल्या वर्षी आमच्या जितेशची बायको म्हणून प्राची घरात आली. खोपोलीची पोर, विहिरी-झऱ्यांच्या पाण्यात राहणाऱ्या बारीक जिवांवर संशोधन करते. लग्नाला महिनाही झाला नसेल, सकाळी मी फडकं उलटं करत होते आणि ही पोर गाऊनवरच धावत आली. "आई, थांबा! झटकू नका!"

मी दचकून फडकं मुठीत घट्ट आवळलं. तिने ते हळूच उघडलं. आत एक पांढरं काहीतरी होतं, पायांचं, नखाएवढं, आणि त्याला डोळेच नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, हिला आत दागिनाबिगिना दिसला की काय. पुढे तिच्या सरांनी बाहेरगावी कुठे कुठे विचारलं. असा जीव कुणाच्या पुस्तकात नव्हता. जमिनीच्या पोटात, खडकाच्या भेगांतल्या पाण्यात हे राहतात म्हणे, अंधारात डोळे लागतातच कशाला. पावसात पाणी वर चढतं तेव्हा चुकून एखादा विहिरीत येतो.

पण माझ्या मुठीत त्याच्या मिशा आणि मागचे पाय तुटले होते. सर म्हणाले, एका मोडक्या नमुन्यावर कोण विश्वास ठेवणार? अखंड असा दुसरा आणा. तेव्हापासून प्राची रोज विहिरीत जाळी सोडायची. यंदा तिच्या संशोधनाचं शेवटचं वर्ष. श्रावण लागला, विहीर हाताला लागेल इतकी भरली, तरी जाळीत नुसतं शेवाळ.

आमचे हे, जितेशचे बाबा, रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना बोलायला माणूस लागतं. ते ओटीवरून म्हणायचे, "सून विहिरीतले किडे धरती नि सासू त्यांना माहेरी धाडती. आता किड्यांनी कुनाचं ऐकायचं?"

श्रावणातला पहिला सोमवार होता. प्राची अंधारातच जीपने कर्जतला गेली, मुंबईला सरांना भेटायचं होतं. जितेशची खालापूरला त्या दिवशी डबल पाळी, रात्री उशिरा यायचा, तोही गेला. नव्या सुनेने शिवामूठ वाहायची असते, पहिल्या सोमवारी तांदळाची. जाताना ती मला म्हणाली, "आई, माझ्या वाटची मूठ तुम्हीच वाहा हं. महादेवाला सांगा, बाई कामावर आहे."

"सांगेन," म्हटलं. "आणि काय मागू?"

"तुम्हाला माहिताय," म्हणाली आणि गेली.

तिच्या वाटचे तांदूळ ओच्यात बांधून मी विहिरीवर गेले. पाणी गाळलं, फडकं उलटं करायला हात वळलाही, आणि मधोमध तांदळाचा दाणा दिसला. म्हटलं, ओच्यातून सांडला वाटतं. उचलायला गेले तर दाणा चालायला लागला.

माझे हात तिथेच थांबले. एवढ्याशा मिशा, दोन्ही. पाय सगळे, एकसारखे, पाण्याविना धडपडत होते. मला सुचेना. आतून प्राचीची बरणी आणावी तर तिच्या सगळ्या बरण्यांना स्पिरिटचा वास. स्टीलची भांडी सगळी सुकटीची, काल श्रावण लागायच्या आदल्या दिवशी यांनी हट्टाने करायला लावली होती. त्यांत जीव ठेवायला मन घेईना. हाताशी देवाचा तांब्याचा गडू होता, पहाटेच चिंच लावून लख्ख घासलेला. घरात त्याहून पवित्र भांडं नाही. गडूत गाळलेलं पाणी ओतलं आणि फडक्याचं टोक त्यात हलकेच बुडवलं. तो जीव सुटला, बुडाशी गेला, आणि आडवा होऊन भराभर पोहायला लागला. मी गडू देवघराशी नेऊन ठेवला, वर ताटली झाकली. देवाला बादलीतूनच पळीने पाणी घातलं, प्राचीच्या वाटची मूठ वाहिली.

प्राचीला फोन लावला. लागेना.

"मिळाला का?" हे आत डोकावले. ताटली उचलून वाकून बघितलं. "याच्यासाठी पोर रोज विहिरीत लोंबकळती? याच्याहून मोठी तर माझ्या सुकटीत असती."

"हळू बोला. देवासमोर आहे."

"मग आता काय, स्पिरिटात घालनार?"

मी ताटली परत झाकली. दिवसभर डोक्यात तेवढंच तर होतं. प्राचीला तो हवा होता, पण जिवंत नको होता. तो बरणीत जायचा, मगच त्याला नाव मिळायचं, मगच जगाला कळायचं की असाही एक जीव आहे. तिनेच मला सांगितलं होतं आणि सांगताना तिचा आवाज खाली गेला होता. परत सोडला तर तिचं सगळं वर्ष वाया. ठेवला तर माझ्या घरात, माझ्या देवासमोर, चातुर्मासात, सोमवारी.

संध्याकाळी उपास सोडायला वालाचं बिरडं करायचं होतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायला बसले. चार वाल सोलले की उठायची, ताटली उचलायची. आहे, पोहतोय. पुन्हा येऊन बसायची. सालं भांड्यात आणि वाल कचऱ्यात टाकत होते हे यांनी दाखवलं तेव्हा कळलं.

"जितेशचे आई, एक इचारू?"

"विचारा."

"या वालांना मोड आलेत, म्हंजी जिवंतच झाले ना? त्यांची सालटी काढताना नेम मोडत नाय?"

"वालाला पाय नसतात."

"आन् डोले?"

"डोळे त्यालाही नाहीत," म्हणाले आणि माझं मलाच काहीतरी टोचलं.

हे हसले नाहीत. जरा वेळाने उठून, चपला घालता घालता म्हणाले, "सोडायचा तर सोड, द्यायचा तर दे. पन असा टांगून नको ठेवू. त्याला नि स्वतःला."

हे कशेळ्याला बाजारात गेले. घर एकदम रिकामं झालं. मी फुलवाती करायला घेतल्या, कापूस बोटाला चिकटून राहिला. स्तोत्र म्हणायला घेतलं, मधलं कडवं दोनदा म्हटलं आणि शेवटचं म्हटलंच नाही. शेवटी गडू उचलला आणि विहिरीवर गेले. ठरलं. ज्याचं घर त्याला परत. प्राची रागावेल, रडेल, पण माझ्या हातून तरी काही व्हायचं नाही.

कठड्यावर गडू टेकवला. आत बघितलं, तो बुडाशी होता, पाय हलत होते, सकाळपेक्षा सावकाश. म्हटलं, दमला असेल. गडू तिरका केला तशी विहिरीत प्राचीच्या जाळीची दोरी दिसली. कठड्याच्या दगडावर घासून घासून दोरीने रेघ पडली होती. ही पोर ताप असतानाही एकदा इथे येऊन ओणवी झाली होती. मी ओरडले तेव्हा म्हणाली होती, "आई, तुम्ही तापात देवाचं पाणी चुकवता का?"

तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला.

"आई, तुमचे एवढे कॉल! बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत गं. ते... तुझं ते आलं फडक्यात. अख्खं आहे."

पलीकडून मग एकदम, "मिशा? दोन्ही मिशा?"

"दोन्ही."

"आई!" ती तिथे कुणाला तरी ओरडून सांगत होती. मग परत फोनवर आली. "जिवंत आहे?"

"आहे. प्राची, ते स्पिरिटचं माझ्याच्याने नाही व्हायचं हं."

"नाही, नाही, तुम्ही काही करू नका. मला माहिताय ना. मी येते, मग आपण दोघी बघू. नीट ठेवलंय ना?"

"देवाजवळ आहे. स्वच्छ पाण्यात."

"मग बरं. निघालेच मी."

दोघी बघू, म्हणाली. त्या एका शब्दाने मी गडू सरळ केला आणि परत घरात आणला. मनात म्हटलं, ती आली की तिला सांगेन, चित्र काढ, फोटो काढ, हवं तितकं बघ आणि मग सोडू. ऐकेल कदाचित. त्या कदाचितवर मी बिरड्याला फोडणी दिली, भात लावला, तिन्हीसांजेचा दिवा लावला. दिवा लावून ताटली उचलली.

तो एका कुशीवर पडला होता. गडू हलवला तर पाण्याबरोबर हलला आणि पाणी थांबलं तसा थांबला.

मी तिथेच बसून राहिले. प्राची आली तेव्हा चपला पायातच होत्या, पावसाने अर्धी भिजलेली. "कुठाय?" म्हणत देवघरापर्यंत आली आणि गडू बघून जागच्या जागी थांबली.

"यात ठेवलं होतं? दिवसभर?"

"सगळ्यात चांगलं भांडं तेच होतं गं. पहाटेच घासलं होतं."

ती माझ्याशेजारी खाली बसली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, तांबं पाण्यात उतरतं. थोडंसंच. आपल्याला काही होत नाही, पण अशा जिवांना ते विष असतं. नुकतं चिंचेने घासलेलं असेल तर जास्तच."

"तांब्यातलं पाणी शुद्ध असतं म्हणतात."

"शुद्ध म्हणजे हेच. त्यात काही जगत नाही म्हणून शुद्ध."

हे मागे येऊन उभे होते. हातात बाजाराची पिशवी. "नकलत झालं," म्हणाले. "नकलत झालेलं देव धरत नाय."

"नकळत कुठे हो," मी म्हटलं. "सकाळीच सोडला असता तर गेला असता आपल्या घरी. सकाळीच दिला असता तर निदान दिला म्हणता आलं असतं. मी दिवसभर ठरवत बसले आणि तो तिथे मरत होता. मला वाटलं, दमलाय."

प्राचीने गडूत वाकून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मिशा दोन्ही होत्या, पाय सगळे होते, तिला हवा तसाच अखंड मिळाला होता. आनंद व्हायला हवा होता आणि माझ्यासमोर तो होऊ द्यायची तिला लाज वाटत होती. "लगेच स्पिरिटमध्ये गेला तर कामाला येईल," ती म्हणाली. "पण आई, तुम्ही नको म्हणालात तर मी विहिरीत..."

"मेलेला परत टाकून कुणाचं काय भलं होणार? आधी मला दाखव."

तिने आतून दुर्बिणीसारखं तिचं यंत्र आणलं, दिव्याखाली लावलं. मी डोळा टेकवला. बाई बाई, केवढं काम होतं त्या एवढ्याशा जिवावर! पायांना बारीक केस, एकेक सांधा दिसेल असं काचेसारखं पारदर्शक अंग, पोटात अन्नाची काळी रेघ. आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही, गुळगुळीत. खालच्या अंधारात हे सगळं कुणासाठी घडवलं होतं, मला कळेना. मी हात जोडले. कुणाला जोडले तेही नक्की सांगता येणार नाही.

प्राचीने बरणी उघडली. वासाने माझं डोकं भणभणलं.

"आण इकडे," मी म्हटलं.

"आई, मी टाकते ना."

"नको. माझ्या हातून झालंय ते तुझ्या हातून कशाला संपवायचं?"

तिने चिमटा दिला, कसा धरायचा ते बोटं धरून दाखवलं. मग तिने माझं मनगट धरून ठेवलं. तो आत गेला आणि तळाशी जाऊन बसला, तांदळासारखा. तिने कागदाच्या कपट्यावर गावाचं नाव, विहीर, तारीख लिहिली. मग पेन थांबलं. "इथे पकडणाऱ्याचं नाव लिहितात," म्हणाली.

"मग खरं ते लिही."

तिने लिहिलं. मी वाचलं नाही.

मी त्या दिवशी सोमवार सोडणारच नव्हते. प्राचीने ताट वाढून घेतलं आणि हात न लावता बसून राहिली. "तुम्ही नाही तर मीही नाही. माझ्या वाटची मूठ तुम्ही वाहिली ना? मग माझ्या वाटचं जेवायलाही या." हे म्हणाले, "दोघी जेवा बाबा, नायतर बिरडं मी एकट्यानं संपवीन नि आनखी एक पाप लागंल." तेव्हा दोन घास घेतले. गिळताना वालाची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून विहिरीवर गेले. गडू घ्यायचा की स्टीलची लोटी, यात वेळ गेला. दोन्ही घेऊन गेले. पाणी गाळलं, फडकं उलटं केलं, विहिरीत धुतलं, पुन्हा बुडवून धुतलं. मग देवाचं पाणी गडूतच भरलं. सासूबाईंपासूनचा गडू, त्याचा काय दोष?

उचलण्याआधी आत वाकून बघितलं. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं, काहीच हलत नव्हतं. तरी ते ओतून दिलं, विहिरीचं दुसरं गाळलं, भरलं आणि पुन्हा वाकून बघितलं. ओटीवरून यांचा आवाज आला, "अगं, देव तानलाय ना तिकडं!" मी "आले" म्हणाले आणि तिथेच उभी राहिले.