काठीभर अंतरावरून

मित्रांनो, मला सगळं जग उलटं दिसतं. माणसं डोक्यावर चालतात, झाडांची मुळं आभाळात जातात, आणि डावीकडचा माणूस उजवीकडे जाऊन उभा राहतो. मी एक जुनी लेन्स आहे. पन्नास मिलिमीटरची, मुठीत मावेल एवढी, पण हातात घेतलीत तर वजन जाणवेल. ते उलटं जग मी कॅमेऱ्याच्या पोटात उतरवते आणि तुमच्यापर्यंत ते सुलटं होऊन पोचतं. मला मात्र उलट्याचीच सवय आहे. तेच मला खरं वाटतं.

पन्नासएक वर्षांपूर्वी जपानमधल्या एका कारखान्यात माझ्या सात काचा घासून, तपासून एकामागे एक बसवल्या. माझ्या अंगावर दोन कडी आहेत. एक फिरवलं की आतला झरोका लहानमोठा होतो. दुसरं फोकसचं, त्यावर फुटांचे आणि मीटरचे आकडे कोरलेले आहेत. हल्लीच्या लेन्सांच्या पोटात मोटार असते, त्या आपोआप नेम धरतात. मला मोटार नाही. मला माणसाचा हात लागतो.

तो हात मला दिल्लीच्या छावणीत मिळाला. एका मेजरसाहेबांनी निवृत्त होताना मला हवालदार हिंमतरावांच्या हातात ठेवलं. हिंमतराव माण तालुक्यातले. बोलायला कमी, बघायला पक्के. जवान नव्या पोस्टिंगवर निघाले की आधी त्यांच्याकडे यायचे, घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे. सकाळच्या उन्हात, बराकीच्या व्हरांड्यात. हिंमतराव माझा झरोका पूर्ण उघडायचे. मग मागची भिंत, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे सगळं विरघळून जायचं आणि त्या विरघळलेल्या रंगांत एक चेहरा तेवढा तरंगत राहायचा.

"फोकस डोळ्यांवर पाहिजे," ते म्हणायचे. "नाकावर असला तर माणूस नुसता दिसतो. डोळ्यांवर असला तर तो आपल्याकडं बघतो."

शशिकांत नावाच्या एका जवानाचा फोटो त्यांनी असाच काढला होता. अठ्ठावीस वर्षांचा, हसू दाबून धरलेला. तो बर्फातल्या चौकीवर गेला आणि परत आला नाही. त्याची बायको प्रभावती दिल्लीतच राहिली. जवानांच्या घरच्या बायकांना तिनं वर्षानुवर्षं शिवण शिकवलं. तिच्या मशीनच्या वर, भिंतीवर, तोच फोटो होता.

वर्षं गेली. हिंमतराव सुभेदार होऊन निवृत्त झाले. बायको गेल्यावर ते मुलीकडे, रेवतीकडे, गुरुग्रामला राहायला आले. चौदाव्या मजल्यावर. फिल्मचा जमाना सरला होता. रेवतीनं एक डिजिटल कॅमेरा आणला आणि एक जोडकडं लावून मला त्यावर बसवलं. पण त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र जिथं पडतं ती पट्टी, लहान होता. मी पूर्ण चित्र आत पाठवायची आणि तो त्याच्या चारी कडा कापून मधला तुकडा तेवढा ठेवायचा. दारात उभं राहून पूर्ण खोली बघावी आणि कुणीतरी दार अर्धं लोटावं, तसं व्हायचं. तरी आमचं बरं चाललं होतं.

मग हिंमतरावांचे डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, तो परत येणार नाही. कडेचं थोडंफार दिसायचं. जिकडे बघावं तिथे मात्र एक करडा डाग. त्या कॅमेऱ्यानं माझ्या कडा घेतल्या होत्या. हिंमतरावांचं मधलंच गेलं.

त्या दिवसांत त्यांच्या जुन्या पलटणीतल्या मंडळींचा मेळावा झाला. हिंमतरावांनी नेहमीच्या सवयीनं सगळ्यांचा फोटो काढला. घरी आल्यावर विचारलं, "कसा आलाय गं?"

रेवतीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. एकही चेहरा ओळखू येत नव्हता.

"मस्त आलाय, बाबा," ती म्हणाली.

तिनं ते मायेपोटी म्हटलं. मी कॅमेऱ्यावरच होते, मला तिचा आवाज ऐकू आला. हिंमतरावांनी त्या फोटोच्या मोठ्या प्रती काढल्या आणि स्वतः सगळ्यांना वाटल्या. कुणी काही बोललं नाही. फक्त एका म्हाताऱ्या सोबत्यानं अगदी निर्मळ मनानं विचारलं, "सुभेदारसाहेब, त्या दिवशी धुकं होतं का हो?"

घरी येऊन हिंमतरावांनी मला कॅमेऱ्यावरून काढलं. एका लोकरी मोज्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. रेवतीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "ती आता कुणाच्या कामाची नाही." तिला ते रागावले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी तिला "कसं आहे गं?" असं कशाबद्दलच विचारलं नाही. भाजीबद्दलही नाही, शर्टाच्या रंगाबद्दलही नाही.

सहा वर्षं मी त्या ट्रंकेत होते. मित्रांनो, काचेलाही स्वप्नं पडतात. मला उजेडाची पडायची. व्हरांड्यातलं ऊन पाण्यासारखं आत यायचं, चेहरे उलटे तरंगत जायचे, आणि मी कुणाच्यातरी डोळ्यांवर थांबायला जायची तोच सगळं काळं व्हायचं. दमटपणानं माझ्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले. माझ्या एका काचेत असं काही द्रव्य आहे की अंधारात पडून राहिली तर ती पिवळी पडते. मी चहाच्या रंगाची झाले.

एवढ्यात रेवतीनं नवा कॅमेरा घेतला, फुल-फ्रेम. त्याला लेन्स कोणती घ्यावी ते तिला सुचेना. ऑफिसमधला तिचा मित्र जयदीप एका रविवारी घरी आला होता. तिनं त्याच्यापुढे भलीमोठी यादी ठेवली.

"यार रेवती, यादी फेक ती," तो म्हणाला. "तू कशासमोर थांबतेस ते सांग. मकबरे, किल्ले असतील तर वाइड घे. सुलतानपूरचे पक्षी असतील तर लांबची. सगळंच थोडं थोडं हवं असेल तर झूम घे आणि निवांत राहा."

रेवतीनं जरा विचार केला. "माणसं," ती म्हणाली.

"मग पन्नास मिलिमीटरनं सुरुवात कर. झूम नाही म्हणून पायांनी पुढेमागे व्हावं लागेल. माणसाजवळ जावं लागेल. तेच शिकायचं असतं."

हिंमतराव शेजारीच बसून चहा पीत होते. दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या बागेत गेलेले असताना रेवतीनं ट्रंक उघडली.

ती मला चांदणी चौकात, जुन्या लेन्स दुरुस्त करणाऱ्या नईम उस्तादांकडे घेऊन गेली. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं, माझ्या आरपार पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ये तो बस सोई हुई है." त्यांनी एकेक काच काढून बुरशी पुसली. पिवळेपणावर त्यांनी साधा उपाय सांगितला. धूप दिखाओ. मग ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात मी बाल्कनीत पडून राहू लागले, सांडग्या मिरच्यांच्या ताटाशेजारी. तीन आठवड्यांत माझा चहा उतरला.

आणि मग तिनं मला नव्या कॅमेऱ्यावर लावलं. काय सांगू तुम्हाला! माझं चित्र जेवढं मोठं, तेवढाच त्याचा सेन्सर. एकही कड कापली गेली नाही. कितीतरी वर्षांनी मी दोन्ही हात पसरले. रेवतीनं खिडकीतून समोरच्या बुरुजांसारख्या इमारती पाहिल्या, त्यांच्यामागचं धुरकट केशरी आभाळ पाहिलं, आणि कोपऱ्यातली, एरवी कापली गेली असती अशी, एक कपडे वाळत घालणारी बाई पाहिली. ती हसली.

बाबांना सांगायचा मात्र तिला धीर होईना.

जानेवारीत प्रभावतीताईंचा फोन आला. त्या दिल्ली कायमची सोडून कराडजवळ भावाच्या गावी निघाल्या होत्या. चौदा तारखेला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, छावणीतली मंडळी तिथल्या स्मारकाला, काला अंबला जाणार होती. त्या दरवर्षी जात. हे शेवटचं.

"सुभेदारभाऊंना घेऊन ये गं," त्या रेवतीला म्हणाल्या. "घरात बसून बसून माणूस भिंत होतो."

हिंमतराव नको नको म्हणत निघाले. हमरस्त्यावर धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे लाल ठिपक्यांसारखे पुढे पुढे जात होते. काला अंबच्या बागेत पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते तरी स्मारकाचा खांब अर्ध्यावरच संपत होता. वरचा अर्धा कुणी पुसून टाकल्यासारखा. माणसं धुक्यातून यायची, हात जोडून उभी राहायची आणि पुन्हा धुक्यात जायची. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

प्रभावतीताई शाल लपेटून एका झाडाखाली बसल्या होत्या. रेवतीनं कॅमेरा काढला. त्यावर जयदीपकडून मागून आणलेली झूम होती. बाबांना कळू नये म्हणून मी पिशवीत होते.

"मावशी, एक काढते तुमचा. हा कॅमेरा डोळे स्वतःच शोधतो."

फोटो चांगला आला. प्रभावतीताईंनी पाहिला, मान डोलावली आणि कॅमेरा परत दिला.

"छान आहे बाळ. पण यांच्या फोटोशेजारी लावायचाय मला. तो सुभेदारभाऊंच्या हातचा आहे. हाही त्यांच्याच हातचा पाहिजे."

हिंमतराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "वहिनी, मला दिसत नाही हो."

"आज कुणाला दिसतंय?" प्रभावतीताई म्हणाल्या. "धुक्यात सगळे सारखेच."

रेवतीनं पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं, कॅमेऱ्यावर चढवलं आणि कॅमेरा वडिलांच्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या कड्यावर आली. तिथंच थांबली.

"ही आपली?"

"हो."

"साफ केलीस?"

"हो, बाबा. न विचारता."

ते बराच वेळ कडं नुसतं मागेपुढे फिरवत राहिले. रेवती हळूच म्हणाली, "मी फोकस करते. तुम्ही फक्त बटण दाबा."

"मग तो तुझा फोटो होईल." त्यांनी मान हलवली. मग काठी उचलली. "वहिनी, हिचं टोक कपाळाला लावून धरा. सरळ."

काठी तीन फुटांची होती. दुसरं टोक त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीला टेकवलं. अंतर काचेपासून नाही, चित्र जिथं पडतं तिथपासून मोजायचं असतं, हे ते विसरले नव्हते. कडं पार शेवटपर्यंत नेलं आणि तिथून बोटांनी चाचपत मागे आणलं, तीन फुटांवर. माझा झरोका पूर्ण उघडला.

"बाबा, थोडा बंद करूया," रेवती म्हणाली. "इतका उघडा ठेवला तर दोन बोटांचीही चूक चालत नाही."

"शशिकांतचा असाच काढला होता."

काठी खाली झाली. बटण दाबलं. रेवतीनं पडद्यावर चेहरा मोठा करून पाहिला. मला तिचा श्वास जाणवला. सहा वर्षांपूर्वीही ती अशीच क्षणभर थांबली होती.

हिंमतराव वाट बघत होते. आणि मग त्यांनी विचारलं, "कसा आलाय गं?"

"चुकलाय," रेवती म्हणाली. "डोळे पुसट आहेत. कानातली कुडी मात्र एकदम स्वच्छ दिसतेय."

मला वाटलं, आता हे मला परत मोज्यात गुंडाळणार. पण हिंमतरावांचा चेहरा उजळला.

"कुडी? म्हणजे नेम मागं पडला. मी पुढं झुकलोय." ते चार बोटं मागे सरले. "आता?"

"अजूनही थोडं मागेच. पापणीच्या कडेला."

"वहिनी, हलू नका."

"काठी लावून कपाळाला टिळाच लावलात की हो," प्रभावतीताई म्हणाल्या आणि हसल्या. हसताना हलल्या, तो फोटोही गेला. पुन्हा काठी. पुन्हा बोटं. रेवती सांगत होती, शाल आली, नाक आलं, डावी भुवई आली. एकदाही तिनं बरं म्हणून सोडून दिलं नाही. सतराव्या वेळी मी थांबले ती प्रभावतीताईंच्या दोन्ही डोळ्यांवर. मागची झाडं, माणसं, तो अर्धा खांब सगळं दुधात विरघळलं होतं. उलट्या जगात त्या एकट्याच उभ्या होत्या आणि सरळ माझ्याकडे बघत होत्या.

रेवती काही बोललीच नाही. हिंमतरावांनी हात पुढे केला आणि तिच्या गालाला लावला. गाल ओला होता.

"आला वाटतं," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात प्रभावतीताईंचा गावाहून फोन आला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले होते. "ते अठ्ठावीसचे आणि मी साठीची," त्या म्हणाल्या. "येणाऱ्या बाया विचारतात, लेक का तुमचा? मी सांगते, नवरा आहे माझा. थांबलाय माझ्यासाठी."

आता दर रविवारी सकाळी हिंमतराव मला घेऊन सोसायटीच्या बागेत बसतात. कधी माळीबुवा समोर असतात, कधी पहिल्या मजल्यावरच्या आजी. दहातले आठ फोटो चुकतात. रेवती शेजारी बसून कुठं चुकले ते सांगते. घरी गेल्यावर आमटीला मीठ कमी पडलंय का, हेही ते आता तिला विचारतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी लेन्स असेल तर तिला कोरडं ठेवा. काचेवर बोट लावू नका, मऊ फडक्यानं पुसा, अधूनमधून ऊन दाखवा. आणि एखाद्यानं आपलं काम आता होत नाही म्हणून ते मोज्यात गुंडाळून ठेवलं असेल, तर त्याला उगाच छान छान म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि नेम किती बोटं चुकला ते खरं सांगा.