शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, म्हणून तीन मिनिटं मोजायचं काम माझ्या भाकरीकडे आलं. पीठ थापायला घेतलं की गाणं सुरू, भाकरी निखाऱ्यावर फुगली की गाणं संपायला हवं. यांच्या 'कडब्याच्या गाडी'ला कडवी सहा. पहिल्या दिवशी तिसऱ्या कडव्यालाच भाकरी टोपल्यात पडली, आणि हे माझ्याकडे असे पाहू लागले जणू चूक माझ्या पिठाचीच.

"जरा जाड थाप की."

"जाड थापली तर कच्ची राहील. त्यापेक्षा कडवी काढा."

हे मूळचे केम गावचे. शेत भावाला देऊन सोलापुरात गिरणीत मागावर लागले, पण गाणी अजून बैलांची, पांदीची, हुरड्याचीच. जत्रेत लोक ती ऐकून तोंडपाठ करून नेतात. नेऊ देत. पण गेल्या साली अकलूजला एका गड्याने हेच गाणं म्हटलं आणि शेवटच्या कडव्यात यांचं नाव काढून खुशाल स्वतःचं घातलं. रचणाऱ्याची सही ती तेवढीच असते, शेवटी 'अमका म्हणे'. आठ दिवस हे धड जेवले नाहीत. त्यामुळे गाणी भरून घेणारी कंपनी स्टेशनजवळ उतरली आहे म्हटल्यावर यांना हुरूप आला. "एकदा तबकडीवर नाव चढलं, की कोण पुसतंय ते बगतो!" पण तबकडीत मावतात तीनच मिनिटं.

कडवी काढणं सोपं नव्हतं. जोंधळ्याचं कडवं काढताना यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "वच्छीचं जावळ काढताना तरी एवढे रडला नव्हता." वच्छी, म्हणजे आमची वच्छला, तेव्हा दहा महिन्यांची.

शेवटी तीन कडवी उरली आणि गाणं बरोबर भाकरीबरोबर फुगू लागलं. प्रत्येक ओळीला मी चुलीपाशी बसून "जी जी" म्हणत होते. फडात साथीदार म्हणतात, ऐकणारे म्हणतात, तसंच. त्यात काही विशेष आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गाणं भरून दोघे परतले, तर हे तडक आत गेले आणि डफवाले कासीमभाई दारातच घुटमळले.

"काय झालं, भावजी?"

"काय सांगू, वैनी! खोलीत भिंतीला सतरंज्या, दाराला गोधडी. साहेब म्हणला, दिवा लागला की गायचं, गेला की थांबायचं, बाकी कुणी चूं करायचं नाही. शाहिरांनी पहिली ओळ टाकली आणि थांबले."

"का?"

"'जी' कोण म्हणणार? माझ्या तोंडावर बोट! मग त्यांनी तीच ओळ परत टाकली. परत थांबले. चार बार, वैनी! दुसरं कडवं सरतंय तोवर दिवा गेला."

"आणि नाव?"

"नाव तिसऱ्यात."

"मग दुसऱ्यांदा घ्या म्हणायचं!"

"बाहेर धा जण रांगेत हुबे होते," आतून आवाज आला.

"बरं, तबकडीवर कागद चिकटवतात त्यावर तरी नाव छापतील की."

कासीमभाईंनी आत पाहिलं. यांनी आढ्याकडे पाहिलं.

"इचारलं हुतं त्यांनी," हे हळूच म्हणाले.

"मग?"

"मी म्हणलं, ते गाण्यात येतंयच की."

मी हसले. हसायला नको होतं, पण कडेवर वच्छीसुद्धा खिदळायला लागली, मग काय करणार?

तीन महिन्यांनी तबकडी आली. स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात वाजू लागली. कागदावर छापलं होतं, 'सोलापूरचे शाहीर'. बैल मान वळवून मागे बघतात तिथे गाणं तुटायचं, आणि लोक म्हणायचे, "झ्याक हाय, कुणाचं हाय?" हे ते ऐकून घरी आले, आपला डफ खुंटीला अडकवला. पंधरा दिवस झाले, डफ खुंटीलाच.

त्या दिवशी यांची दुसरी पाळी, म्हणून दुपारी हे घरीच होते. वच्छी झोळीत कुरकुरत होती. तिला 'कडब्याची गाडी'च लागते, आणि तिच्यासाठी मी एकही कडवं काढलेलं नाही. सहावं आलं. नावाच्या जागी मी नेहमीसारखं "जी जी" म्हणून पुढे गेले.

घोंगडीवर पडल्या पडल्या हे म्हणाले, "तबकडीत न्हाय, तुज्या तोंडात न्हाय. मग मी हाय कुटं?"

थट्टाच होती. पण आवाज थट्टेचा नव्हता.

"नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागतो," मी म्हटलं.

"सहा कडव्यांचा रचून ठिवलाय की. पुरत न्हाय व्हय?"

मी दाराकडे पाहिलं. शेजारच्या रंभाबाई विहिरीवर गेल्या होत्या. झोळीला एक झोका दिला आणि म्हटलं,

"जोतीराम म्हणे, बैल शहाणे, न सांगता घराला वळती..."

आणि थांबले. पुढे जाताच येईना. यांचंच वळण लागलेलं, दुसरं काय!

घोंगडीवरून हळूच आलं, "जी जी."

वच्छी पाचव्या कडव्यालाच झोपली होती. तरी मी ती ओळ पुन्हा म्हटली. चार वेळा.