गाडीतली सून

कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता. मैदानाच्या कडेला उभ्या केलेल्या बंद गाडीत, अ‍ॅम्प्लिफायरच्या चळतीसमोर, सूनबाई नेहमीसारखी स्टुलावर बसली होती. दाराला बाहेरून कडी. कार्यक्रमांना स्पीकर भाड्यानं लावायचा धंदा मामंजींचा, आणि शिरस्ताही त्यांचाच: घरची बाई चारचौघांत यंत्रं हाताळताना दिसायची नाही. मंचासमोर, आवाजाच्या मिक्सरवर बसायचा तो तिचा नवरा. लोक त्याला ‘उस्ताद’ म्हणत.

उस्तादाला आवाज वाढवण्यापलीकडे फारसं कळत नव्हतं. लग्न होऊन ती आली तेव्हा दर महिन्याला एखादा सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, जळायचाच. ती मात्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बापाच्या शेजारी बसून वाढलेली. कानाला ऐकूच न येणारा अगदी तळाचा थरथराट तिनं आधी कापून टाकला. स्पीकरचे पडदे फाटत ते त्यानंच. मग आवाजाला मर्यादा घालणारा लिमिटर असा बेतला, की ठोका मोकळा जावा आणि घुमारा लांबला की लगाम बसावा. आवाज तसूभर घटला नाही, आणि नऊ वर्षांत एकाही स्पीकरची कॉइल जळली नाही. नाव झालं उस्तादाचं.

केबल आखूड राहावी म्हणून गाडी सबवूफरांना खेटून उभी करत. त्या पत्र्याच्या पेटीत तिच्या दाढासुद्धा वाजायच्या. कानात बोळे घातले तर जळू लागलेल्या कॉइलची बारीक घरघर कळायची नाही, म्हणून तिनं तेही सोडले होते. त्या दिवशीही तीन तास ती तशीच बसली. फोनवर नवऱ्याचे निरोप येत राहिले: “अजून बेस दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. आठ वर्षांची चिमी दारातून ओरडत होती, “आई, दूध! अगं आई!” पोरीनं येऊन पदर ओढला तेव्हा कुठे ती वळली.

कानाच्या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता म्हणाल्या, “उजवा कान जवळजवळ गेलाय. डावाही त्याच वाटेवर आहे. गेलेलं परत येत नाही, बाई. हे काम असंच चालू ठेवलंत तर लेकीचा आवाजही ऐकू यायचा नाही.”

घरी तिनं जेवायला वाढताना हे सांगितलं. नवरा खाली मान घालून घास चिवडत राहिला. मामंजींनी मात्र शांतपणे तोड काढली.

“मग चिमीला शिकव. कोवळे कान आहेत, घरघर बरोब्बर पकडतील. कार्यक्रम असेल त्या दिवशी शाळा बुडाली तर काही आभाळ कोसळत नाही.”

“अहो, तुम्ही तरी बोला,” ती नवऱ्याला म्हणाली.

“वडिलांपुढे मी काय बोलणार?” तो पुटपुटला. तिला ते ओठांवरूनच कळलं.

पुढच्या रविवारी गाडीत दोन स्टुलं होती. दार लागलं. पहिलं गाणं सुरू झालं आणि चिमीनं दोन्ही कान दाबून डोकं गुडघ्यांत खुपसलं. सूनबाईनं एकवार त्या पाठीकडे पाहिलं. मग उठून दाराला असा खांदा मारला, की बाहेरची कडी निखळून पडली.

लेकीचा हात धरून ती भर गर्दीतून मिक्सरपर्यंत चालत गेली आणि तिनं मुख्य आवाजाची कळ खाली ओढली. गाणं थांबलं. सगळं मैदान वळून पाहू लागलं.

“चिमी गाडीत बसणार नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “मीही नाही. इथं, कान झाकून, सगळ्यांसमोर बसेन. नऊ वर्षं मीच हे सांभाळलंय. चालत नसेल तर तुम्ही सांभाळा.”

उस्ताद खुर्चीवरून उठला. का उठला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मामंजी लगबगीनं तिच्याजवळ आले. चेहरा लालबुंद, पण आवाज दबलेला. लोकांना ऐकू जाऊ नये एवढाच. ते बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. तिनं मान कलती करून ऐकायचा प्रयत्न केला.

“मामंजी, मला ऐकू येत नाही हो,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं बोला.”

पुढच्या रांगेतल्या बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मामंजींनी ओठ उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा मिटले.